पुन्हा ती प्रार्थना करू का?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. काही वर्षांपूर्वी एका प्रार्थनासभेत मी प्रार्थना करून प्रभू येशूला तारणारा म्हणून स्वीकारलं. ती तारीख डायरीत लिहून ठेवली आहे. पण सुनेला टाकून बोलले, की रात्री झोप येत नाही. उठते, डायरी काढून तारीख बघते. त्या दिवशी मी मनापासून बोलले होते ना? आमची कॅथलिक शेजारीण म्हणते, "आपण तरलो असं कुणी ठामपणे म्हणू नये, तो गर्व." सभेतले एक भाऊ म्हणाले, शंका येते म्हणजे तारणच झालेलं नाही. पुन्हा ती प्रार्थना करू का?
— एक बहीण, फोंडा

उत्तर : त्या भावांचं म्हणणं आधी मनातून काढून टाका. मार्कच्या नवव्या अध्यायात एक बाप आजारी मुलाला येशूकडे आणतो. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, असं एका दमात म्हणतो. येशूने त्याला परत पाठवलं नाही, पोराला बरं केलं.

आता डायरीचं. रात्री उठून तुम्ही तपासता ते स्वतःचं मन : तेव्हा डोळ्यांत पाणी होतं का, शब्द खरे होते का. असल्या तपासणीला शेवट नाही. इफिसकरांस पत्रात पौल सांगतो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होतं, कर्मांनी नाही. आपण मात्र त्या विश्वासाचंच कर्म करून त्याला गुण देत बसतो! पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त भेटायला पुढे आठेक वर्षं गेली, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. मग त्यांनी कुठली तारीख धरायची?

मी वॉर्डात नर्स होते. दिवाडीच्या एका आजींच्या ओठांना शेवटच्या रात्री कापसाने पाणी लावत होते. जन्मभर रोज संध्याकाळी घरात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हटलेली बाई, पण 'आमच्या बापा'चे शब्दसुद्धा जुळेनात. फक्त "जेजू, जेजू" असं येशूचं नाव म्हणत राहिल्या. त्यांची मूठ सैल पडली होती. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू मेंढरांविषयी म्हणतो की माझ्या हातातून त्यांना कुणी हिसकावून घेणार नाही. पकड त्याची आहे. मेंढराची नव्हे.

शेजारणीवर रागावू नका. ती तिच्या चर्चची जुनी शिकवण सांगते. १५४७ साली ट्रेंटच्या धर्मसभेने ठरवलं की आपल्याला देवाची कृपा लाभली आहे, हे कुणालाही चुकूच शकणार नाही अशा खात्रीने कळत नाही. माझं मत वेगळं आहे. योहानाने पहिलं पत्र लिहिलंच मुळी विश्वास ठेवणाऱ्यांना सार्वकालिक जीवन आपल्याला आहे हे कळावं म्हणून (५:१३). कळावं म्हणून, नुसती आशा वाटावी म्हणून नव्हे. आणि ज्याने दिलं त्याच्यावर विसंबण्यात गर्व कसला? तरी १९९९ साली लुथरन (मार्टिन लुथरच्या वाटेने जाणाऱ्या प्रोटेस्टंट) आणि कॅथलिक मंडळ्यांनी जे संयुक्त घोषणापत्र केलं, त्यात स्वतःच्या अनुभवाकडे न बघता ख्रिस्ताच्या क्षमेच्या वचनावर भिस्त ठेवण्याबद्दल दोघांचं जमलं आहे. हे शेजारणीला जरूर सांगा. तिलाही बरं वाटेल.

तेव्हा ती प्रार्थना पुन्हा करू नका. एकदा ऐकली गेली आहे. पण सुनेचं राहतंच. पाप पदरी घेतलं तर तो क्षमा करतो, असं योहानाच्या त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात आहे, आणि पदरी घ्यायचं म्हणजे नाव घेऊन सांगायचं : आज तिला अमुक शब्द बोलले. देवाला रात्रीच सांगा. सुनेला सकाळी, चहा होण्याआधी. पत्र पाचच अध्यायांचं आहे, एका बैठकीत मोठ्याने वाचून होतं. डायरी काढायची लहर आली, की हे वाचा.