लॅटिन वाक्यरचना : नवशिक्यांचे प्रश्न

प्रश्न : लॅटिनमध्ये शब्दांचा क्रम बदलला तरी चालतो म्हणतात. मग कर्ता ओळखायचा कसा?

शब्दाच्या शेवटावरून. 'कनिस् पुएरुम् मोर्देत्' म्हणजे कुत्रा मुलाला चावतो. 'पुएरुम् कनिस् मोर्देत्' केलं तरी चावतो कुत्राच, कारण 'उम्'मुळे मुलगा कर्म ठरतो. आपणही 'मुलाला कुत्रा चावतो' म्हणतोच की.

प्रश्न : वाक्य उलगडायला कुठून सुरुवात करावी?

आधी क्रियापद गाठा. बहुधा ते शेवटी असतं. 'पुएल्लाय अग्रिकोलीस् रोसास् दन्त्' घ्या. 'दन्त्' म्हणजे देतात. 'न्त्' हा तृतीय पुरुष अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणून कर्ता अनेकवचनी शोधायचा. 'पुएल्लाय' (रोमन लिपीत लिहिताना शेवटी ae) या रूपाचे अर्थ तीन : मुली, मुलीचा, मुलीला. वाक्यात दुसरा कुठलाच शब्द कर्ता होऊ शकत नाही, तेव्हा 'मुली' हाच सरळ अर्थ. 'रोसास्' द्वितीया अनेकवचन. उरलं 'अग्रिकोलीस्', देण्याची क्रिया आहे म्हटल्यावर 'कुणाला?' विचारा : शेतकऱ्यांना.

प्रश्न : मराठीवरून लॅटिन वाक्यं करताना विभक्ती सतत चुकतात. का?

मराठीची सवय आड येते, विशेषतः भूतकाळात. 'मुलीने गुलाब पाहिले' यात कर्त्याला 'ने' लागला आणि क्रियापद गुलाबांप्रमाणे अनेकवचनी झालं. लॅटिनमध्ये 'पुएल्ला रोसास् वीदित्' : कर्ता प्रथमेतच, क्रियापद मुलीप्रमाणे एकवचनी. 'ला'सुद्धा फसवतो. 'मुलाला बघतो' इथे द्वितीया, 'पुएरुम्'. 'मुलाला फूल देतो' इथे चतुर्थी, 'पुएरो'. शिवाय निर्जीव कर्माला आपण बहुतेकदा प्रत्यय लावत नाही, म्हणून 'रोसम्'चा 'म्' हमखास गळतो. वहीत कर्माखाली रेघ ओढा आणि शेवट तपासा.

प्रश्न : 'नौता एस्त् पोएता' यात 'पोएतम्' का नाही?

'एस्त्' म्हणजे आहे. खलाशी कवी आहे. इथे कर्म नाहीच, म्हणून दोन्ही नामं प्रथमेत. 'आ'ने संपत असली तरी ही दोन्ही पुल्लिंगी आहेत, म्हणून चांगला खलाशी 'नौता बोनुस्', 'बोना' नव्हे.

प्रश्न : अ‍ॅब्लेटिव्ह म्हणजे आपली कुठली विभक्ती?

एकच नाही. संस्कृतातल्या तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी त्यात सामावली आहे. 'ग्लादिओ' तलवारीने, 'एक्स् उर्बे' शहरातून, 'इन् उर्बे' शहरात. पण शहरात जायचं असेल तर द्वितीया हवी : 'इन् उर्बेम्'. मराठीत दोन्हीकडे 'शहरात'च म्हणतात, म्हणून 'इन्' दिसला की आधी विचारा, तिथे आहे की तिथे जातोय?