ओरडला, पण किती वाजता?

झोपेत ओरडून उठण्याबद्दल मागच्या खेपेला ओझरतं लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं ज्याला त्रास आहे त्याची नाहीतच. बायकोचं, मुलीचं, भाड्याच्या खोलीतल्या सोबत्याचं. साहजिक आहे. ज्याच्या बाबतीत हे घडतं तो सकाळी चहा पिताना "काय झालं रात्री?" म्हणून विचारतो, आणि डोळे तारवटलेले असतात ते दुसऱ्याच माणसाचे.

आपल्या बोलण्यात 'झोपेत घाबरतो' एवढ्यात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी खपतात. त्यांची कारणं निराळी, उपाय निराळे. म्हणून दवाखान्यात कुणी आलं की मी "स्वप्नात काय दिसलं?" असं आधी विचारत नाही. आधी विचारते, "किती वाजता?" त्या एका उत्तरावर अर्धं काम होतं. खालच्या उत्तरांतही तेच पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नका.

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले. आमचे मालक ३४ वर्षांचे, बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर कामाला, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. चार महिने झाले, रात्री साडेबारा-एकच्या सुमाराला किंकाळी फोडून उठून बसतात. डोळे सताड उघडे, अंग घामानं निथळतं. एकदा परसदाराची कडी काढून बाहेर धावले. मी धरलं तर मला ढकलून दिलं, ओळखलंच नाही. सकाळी विचारलं तर म्हणतात, "मी? कधी ओ?" सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, देवऋष्याकडं न्यायला पाहिजे. काय करू?

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण तुम्ही वेळ लिहिलीत. दहा-अकराला झोपलेला माणूस साडेबारा-एकला, म्हणजे रात्रीचे तीन हिस्से केले तर पहिल्याच हिश्श्यात असा उठतो, आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. याला वैद्यकात निद्राभय म्हणतात, इंग्रजी नाव 'नाइट टेरर'. मुलांमध्ये पुष्कळ दिसतं आणि वयात येईपर्यंत बहुधा जातं. मोठ्या माणसांत शंभरात दोघा-एकांना असतं, म्हणजे तुमच्या गावातही आणखी कुणाला तरी असणार. ते बोलत नाहीत, इतकंच.

होतं काय, ते सांगते. आपली झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत सर्वांत गाढ झोप असते. त्या गाढ झोपेतून वर येताना मेंदू सगळा एकदम जागा होत नाही. हालचालीचा आणि भीतीचा भाग जागा होतो. विचार करणारा आणि आठवण ठेवणारा भाग झोपलेलाच राहतो. घरातला मेन स्विच पडला आणि एकाच खोलीतला दिवा कसा कोण जाणे लागला, तसं. म्हणून डोळे उघडे असून ते तुम्हाला ओळखत नाहीत. तुम्हाला ढकललं ते तुमचे यजमान नव्हेत हो, अर्धा झोपलेला एक मेंदू होता. हे मनाला लावून घेऊ नका.

आता शिफ्टचं. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा तुकड्या-तुकड्यांनी झोप होते, घरात पोरांचा गलका, शेजारी मिक्सर. झोपेची उधारी चढत जाते. मग पाळी बदलली की पहिल्या-दुसऱ्या रात्री मेंदू ती उधारी गाढ झोपेतच वसूल करतो. झोप जितकी गाढ, तितकं त्यातून अर्धवट वर येणं जास्त. कॅलेंडरवर खुणा करा, मला वाटतं बहुतेक खुणा पाळी बदलल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत पडतील. तशा पडल्या तर ते कॅलेंडरच सासूबाईंना दाखवा. बाहेरचं असतं तर ते कारखान्याच्या शिफ्टचं वेळापत्रक बघून आलं नसतं.

अंगारा लावायचा असेल तर लावू द्या, त्यानं कुणाचं बिघडत नाही आणि सासूबाईंचा जीव थाऱ्यावर येतो. पण रात्रभर जागवणं, धूर देणं, उपाशी ठेवणं, मारहाण, हे अजिबात नको. त्यातलं रात्रभर जागवणं तर नेमकं रोग वाढवणारं.

प्रसंग येईल तेव्हा धरू नका, गदागदा हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका. हाणामारी होते ती बहुतेक वेळा अडवल्यामुळंच होते. बाजूला उभं राहा, मोठा दिवा लावू नका, हळू आवाजात नावानं बोला. "काही नाही, घरातच आहोत, झोपा." काही मिनिटांत आपोआप उतरतं. चालायला लागले तर पाठीमागनं हलकेच वळवून अंथरुणाकडं आणा. सकाळी सगळ्यांसमोर नक्कल करून दाखवू नका. लाजेनं माणूस झोपायलाच घाबरतो, आणि झोप कमी झाली की पुन्हा तेच.

तुम्ही परसदार लिहिलंत आणि मला पहिला विचार आडाचा आला. खानापूरकडच्या घरांना मागं आड असतोच. त्यावर आजच्या आज जाळी बसवा. परसदाराला वरच्या बाजूला दुसरी कडी लावा, हात सहज जाणार नाही अशी, आणि तिला पितळी घुंगरू बांधा म्हणजे तुम्हाला जाग येईल. कुलूप लावून किल्ली लपवू नका, घरात जाळ झाला तर पंचाईत. विळी, कोयता झोपायच्या खोलीत नको. खाटेऐवजी काही महिने खाली गादी.

एक उपाय करून बघण्यासारखा आहे, फुकटातला. दोन आठवडे वेळा लिहून काढा. रोज साधारण पावणेएकला होत असेल तर साडेबाराला गजर लावून त्यांना तुम्हीच नीट जागं करा, पाच मिनिटं बसवा, पाणी द्या, परत झोपू द्या. ती गाढ झोपेची चढण मधेच मोडते. दोन-तीन आठवडे असं करायचं. ही युक्ती मुलांमध्ये जास्त वापरली गेली आहे, पण ठराविक वेळ असलेल्या मोठ्यांनाही देऊन पाहतात. मात्र वेळ रोज बदलत असेल तर उपयोग नाही.

आणि चार महिन्यांपूर्वी पहिल्यांदाच सुरू झालं असेल, लहानपणी कधी नव्हतं, तर एकदा डॉक्टरांना दाखवाच. जाताना मोबाईलवर एका प्रसंगाचा व्हिडिओ घ्या. आपल्या भागात हे फार उपयोगी पडतं. डॉक्टर कन्नड बोलणारे, आपलं कन्नड बाजारहाटापुरतं, आणि 'बरळतात', 'दचकतात', 'किंचाळतात' यातला फरक तिसऱ्याच्या तोंडून सांगायचा म्हणजे सगळं 'कनसु', म्हणजे 'स्वप्न' होऊन बसतं. व्हिडिओला भाषा लागत नाही. तो बघून आणखी एक गोष्टही कळते. प्रसंग अर्ध्या मिनिटाचा, एका रात्रीत अनेकदा आणि दर वेळी अगदी तोच हात, तीच मान असा असेल, तर मिरगीचा संशय घ्यावा लागतो आणि तपासणी वेगळी होते.

प्रश्न : वय २४, शहापूर. पहाटे जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं, खोलीत माणूस दिसतो. ओरडायचं तर आवाज फुटत नाही.

हे निद्राभय नव्हेच, जवळजवळ उलटं आहे. तिथं शरीर धावतं आणि माणूस झोपलेला असतो. इथं तुम्ही जागे आणि शरीर झोपलेलं. स्वप्नाच्या झोपेत मेंदू अंगाचे स्नायू बंद ठेवतो, ते पुन्हा सुरू होण्याआधी क्षणभर तुम्ही जागे होता. स्वप्नाचा उरलेला तुकडा उघड्या डोळ्यांसमोर दिसतो, तोच तो माणूस. एक-दोन मिनिटांत सुटतं, जिवाला धोका नाही. उताणं झोपू नका, रात्रीची झोप पुरी घ्या, आणि त्या वेळी पायाचं एक बोट हलवायचा प्रयत्न करा. दिवसाही झोप अनावर येत असेल किंवा हसताना गुडघे लटपटत असतील तर मात्र दाखवायला या.

प्रश्न : बाबा ६३ वर्षांचे, फौजेतून निवृत्त, आम्ही निपाणीजवळ राहतो. दोन वर्षांपासून पहाटे तीन-चारला झोपेत लाथा मारतात, बुक्क्या मारतात, हुकूम सोडतात. आईच्या गालाला एकदा लागलं. हाक मारली की लगेच जागे होतात आणि सांगतात, "कुत्रं अंगावर आलेलं," नाहीतर "चोर शिरलेला." सगळे म्हणतात फौजेतल्या आठवणी आहेत. तसंच असेल का?

असेलही, पण मी तेवढ्यावर थांबणार नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळं आमच्याकडं निवृत्त जवान पुष्कळ येतात, आणि त्यांच्या झोपेतल्या प्रत्येक हालचालीला 'लढाई' हे एकच कारण चिकटवायची घरच्यांना सवय असते. डॉक्टरांनाही असते. मीही शिकत असताना एका आजोबांना 'जुनं टेन्शन' म्हणून सहा महिने परत पाठवलं होतं. ते कधीच फौजेत नव्हते, सुतारकाम करायचे, तरी मला शंका आली नाही.

तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टी बघा. वेळ पहाटेची. हाक मारल्याबरोबर शुद्ध. स्वप्न आठवतं, आणि हातपाय त्या स्वप्नाप्रमाणेच चालतात. कुत्रं आलं की लाथ, चोर शिरला की बुक्की. पन्नाशीनंतरच्या पुरुषाच्या बाबतीत या तीन गोष्टी एकत्र आल्या की वेगळा विकार मनात यायला हवा. मघाशी म्हटलं तसं स्वप्नाच्या झोपेत मेंदू स्नायूंचं बटण बंद ठेवतो. काहींच्या बाबतीत ते बटण नीट बंद होत नाही, आणि माणूस आपलं स्वप्न अंथरुणात करून दाखवतो. कार्लोस शेंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये १९८६ साली हा विकार प्रथम सविस्तर मांडला, म्हणजे वैद्यकाच्या हिशेबानं कालपरवाचाच.

याचं महत्त्व एवढ्यासाठी की तो मनाचा नाही, मेंदूचा आहे. यातल्या बऱ्याच जणांत काही वर्षांनी कंपवात किंवा त्याच्या जवळचा आजार दिसू लागतो. हे वाचून घाबरू नका, बाबांना आज काही झालंय असं मी म्हणत नाही. पण मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि जाण्याआधी बाबांना विचारा : वास येणं कमी झालंय का, बद्धकोष्ठ आहे का, चालताना एक हात कमी हलतो का, सही बारीक झालीय का. मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनीही हे सुरू होतं, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. पक्कं निदान रात्रभर झोप नोंदवणाऱ्या तपासणीनं, व्हिडिओसकट, होतं. औषध आहे आणि पुष्कळांना लागू पडतं.

खरोखरच लढाईच्या आठवणी असतील तर बहुधा स्वप्न तेच तेच येतं, दिवसाही आठवण टोचते, फटाक्याला माणूस दचकतो, ठराविक बोलणं टाळतो. त्यालाही चांगले उपचार आहेत. जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट बदलून तो रोज मनात घोळवायचा, अशी एक पद्धत आहे. कणखर माणसांना ती आधी पोरकट वाटते.

तोवर आईंनी वेगळ्या अंथरुणावर झोपावं. 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न गालाला लागल्यावर उरत नाही.

प्रश्न : संकेश्वरहून. झोपेत ओरडतो म्हणून मेडिकलमधून झोपेची गोळी आणतो, त्यावर एखादा पेगही होतो. तरी वाढलंय. घोरतोही. चांगली गोळी सांगा.

सांगणार नाही. घोरताना तुमचा श्वास अडत असावा, अडला की मेंदू दचकून वर येतो, आणि गाढ झोपेतून दचकून वर येणं हेच तर ओरडण्याचं मूळ. दारू आणि गोळी घसा आणखी ढिला करतात, म्हणून वाढलंय. दोन्ही एकत्र घेणं तर जिवावरचा खेळ. आधी घोरण्याची तपासणी करा. श्वासाचं मशीन लागलं आणि ओरडणंही थांबलं, असे पेशंट मी पाहिलेत. गोळी रोजची असेल तर एकदम तोडू नका, डॉक्टरांच्या सल्ल्यानं उतरवा. धारवाडची डिमहान्स, म्हणजे मनाच्या आणि मेंदूच्या आजारांची सरकारी संस्था, तुम्हाला फार लांब नाही. तेवढंही जमत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या तक्रारींसाठीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर चोवीस तास मोफत आहे.

प्रश्न : वय २७, वडगाव. लहानपणापासून महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी झोपेत ओरडते. घरी सगळ्यांना सवय आहे, बाबांनाही तरुणपणी होतं. आता लग्न ठरलंय. मावशी म्हणते सांगू नको, मोडेल. मला रात्री झोपायचीच भीती वाटायला लागलीय.

सांगा. मावशींचं चुकतंय. हे घराण्यात चालतं, त्यात वेड नाही, दोष नाही, आणि लपवून राहणारंही नाही. लग्नाच्या गडबडीत चार रात्री जागरण, परकं घर, परकी खोली, मनावर ताण. याहून पोषक हवा निद्राभयाला मिळणं कठीण. पहिल्याच आठवड्यात होईल आणि बिचारा तो मुलगा घाबरून सगळं घर उठवेल.

आईवडिलांकरवी निरोप नको, तुम्हीच त्यांना सांगा, हळदीच्या आधी. आजाराचं नाव घेऊन सुरुवात करू नका. "मी कधीतरी झोपेत ओरडते, दोन मिनिटांत थांबते, सकाळी मला आठवत नाही. धरू नका, नुसती हाक मारा." एवढं पुरे. हवं तर भावानं एखाद्या रात्रीचा व्हिडिओ घेऊन ठेवला असेल तोही दाखवा. लग्नाच्या आधीचे आठ दिवस दुपारी तासभर झोपा, पाहुणे काही का म्हणेनात. झोपण्यापूर्वी लघवीला जाऊन या, तुंबलेली लघवीही माणसाला अर्धवट उठवते.

आणि एक. तुमच्याकडं लग्नात नाव बदलत असतील तर त्यांना हेही सांगून ठेवा की रात्री हाक मारायची ती माहेरच्या नावानं. झोपेतल्या तुम्हाला नवं नाव ओळखीचं व्हायला बराच वेळ लागेल.