क्रीडा पत्रकारितेच्या शिबिराला निघालीस? मग आधी एवढं कर

निवड झाली, मनापासून अभिनंदन! व्हिडिओ संपादन, पॉडकास्ट वगैरे तिथे शिकवतीलच, त्याची चिंता आत्ता नको.

सामना बघताना वही हातात हवीच. ‘६३ वं मिनिट, ७ नंबर, डावा पाय, खांबाला लागून आत’ एवढं टिपलंस तरी पुरे. नुसत्या आठवणीवर बातमी उभी राहत नाही.

नवखी मुलं हमखास इथे चुकतात:

- बातमी नाणेफेकीपासून सुरू करतात. निकाल आणि सामना कुठे फिरला, हे पहिल्या दोन वाक्यांत यायलाच हवं.
- खेळाडूला ‘कसं वाटतंय?’ विचारतात. ठरलेलं उत्तर मिळतं. त्यापेक्षा ‘शेवटच्या षटकात यॉर्कर सोडून स्लोअर का टाकलास?’ असं विचार आणि गप्प राहा. खरं उत्तर बरेचदा थोड्या शांततेनंतर येतं.
- नाव अंदाजाने लिहितात. खेळाडूलाच विचारून घे.
- पत्रकार कक्षात टाळ्या वाजवतात. तिथे ते चालत नाही, आवडता संघ जिंकला तरी.

कॉपी, म्हणजे तू लिहून दिलेली बातमी, लाल खुणांनी भरून परत आली तर नाउमेद होऊ नकोस. शिबिराची खरी कमाई तीच. आणि न कळणाऱ्या खेळाचं काम मिळालं तर बिनधास्त घे, नियम विचारायला लाजू नकोस.