क्षमा मागूनही मन स्वस्थ का होत नाही?

“देवाजवळ इतक्या वेळा क्षमा मागितली, तरी क्षमा झाल्यासारखे वाटत नाही, माझा विश्वासच कमी पडतो का?” पुण्यातील ख्रिस्ती कुटुंबांमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि विचारणारे बहुधा नेमाने उपासनेला जाणारेच असतात. अशाच एका गृहस्थांची हकिकत, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे देत आहे.

गृहस्थ निवृत्त, चर्चच्या मंडळीत मान असलेले. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, रविवारी मात्र ते काही ना काही निमित्त काढून घरी थांबत आणि लेंटचे, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या पश्चात्तापाच्या काळाचे, चाळीस दिवस कडक उपवास करीत. आईच्या मागून काही वर्षांनी वडील मृत्युपत्र न करता वारले, तेव्हा नाना पेठेतील घर या दोघा भावंडांकडे आले. “सोसायटीत नाव लावायला एक कागद लागतो,” असे सांगून त्यांनी धाकट्या बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेले आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असणाऱ्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. घराचा अर्धा वाटा तिचा होता आणि हे त्यांना त्या दिवशीही ठाऊक होते.

पापाची कबुली त्यांनी दिली नव्हती असे नाही. देवाजवळ ती रोज रात्री देत होते, आणि बहिणीकडे जाण्याचा विषय मी काढताच बायबलमधील स्तोत्र ५१ पुढे करीत. उरीया या आपल्या सैनिकाच्या बायकोशी व्यभिचार करून त्याला युद्धात मारवणारा दावीद राजा तेथे देवाला म्हणतो की, तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे. मी त्यांना एवढेच म्हणाले, “दावीदाने हे म्हटले तेव्हा उरीया जिवंत नव्हता. तुमची बहीण हडपसरला राहते.” ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी दुसरा मार्ग सुचवला: घराच्या किमतीचा काही भाग चर्चच्या गरीब निधीला दिला तर?

हा मार्ग अनेकांना सुचतो, कारण त्यात पैसे जातात पण मान खाली घालावी लागत नाही. लूकच्या शुभवर्तमानातील १९ व्या अध्यायातला जकातदार जक्कय अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना देतो हे खरे. परंतु ज्यांचे अन्यायाने घेतले त्यांना चौपट परत करण्याचे तो त्याच दमात वेगळे सांगतो. दानाने कर्ज फिटल्याचे तो कोठेही म्हणत नाही. मत्तयच्या ५ व्या अध्यायात तर वेदीपाशी आणलेले दान तेथेच ठेवून आधी भावाशी समेट करण्याची आज्ञा आहे. या गृहस्थांना टोचत होते ते देवाने क्षमा न केल्यामुळे नव्हे, तर देवाकडे पुन्हा पुन्हा जाऊन ते बहिणीला टाळत होते म्हणून, असे माझे मत झाले.

(प्रत्येक अस्वस्थतेचे कारण असेच असते असे मात्र नाही. भरपाई करून झाल्यावरही, किंवा सांगण्याजोगी कोणतीच चूक नसतानाही, ज्यांना दिवसभर पापाचेच विचार छळतात त्यांना मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. त्यांना आणखी कबुली द्यायला लावणे म्हणजे त्रास वाढवणे होय.)

आम्ही पत्राचा मसुदा केला. पहिल्या खर्ड्यात वडिलांच्या दवाखान्याचा खर्च होता, बहिणीच्या लग्नात उचललेला भार होता आणि “तुझे मन दुखावले असेल तर” हे वाक्य होते. ते सगळे पेन्सिलीने खोडल्यावर उरले ते एवढेच: “सोसायटीचा कागद म्हणून मी तुझ्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. तो कागद कसला आहे हे मला माहीत होते. अर्धे घर तुझे आहे. ते मला तुझ्या नावावर करून द्यायचे आहे.”

बहिणीने पत्र दारातच उभ्याने वाचले. “दादा, मला हे वर्षभरातच कळलं होतं,” ती म्हणाली. “तू कधी बोलतोस याची वाट बघितली, मग तेही सोडलं. कागद कर. बाकीचं मला आत्ता विचारू नकोस.”

ते माझ्याकडे परतले ते दुखावलेले. सातांच्या सत्तर वेळा क्षमा करावी असे प्रभू सांगतो, मग हिने एकदाही का करू नये? मी त्यांना तो प्रसंग पुन्हा वाचायला लावला. तेथे “माझा अपराध करणाऱ्या भावाला मी किती वेळा क्षमा करावी?” असा प्रश्न विचारणारा येशूचा शिष्य पेत्र हा अपराध सोसणारा आहे, करणारा नाही. अपराध्याने ते वचन वसुलीच्या नोटिशीसारखे हाती धरायचे नसते. मंडळीतील वडीलधारी माणसेही हीच घाई करतात आणि ज्याचे नुकसान झाले त्यालाच दोषी ठरवतात, याचा मला मनापासून राग येतो.

बहिणीने क्षमा केली नसताना प्रभुभोजन घ्यावे का, हा त्यांचा शेवटचा प्रश्न मी त्यांच्या पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, सोपवला. पाळकांनी बायबलमधील रोमकरांस पत्रातील १२ वा अध्याय दाखवला: साधेल तर, आपल्याकडून होईल तितके, सर्वांशी शांतीने राहावे. आपल्याकडचे करून झाले असेल तर दूर राहण्याचे कारण नाही, असे त्यांनी सांगितले. अर्ध्या वाट्याचे बक्षीसपत्र मुद्रांक शुल्क भरून रीतसर नोंदवले गेले, आणि पुढच्या प्रभुभोजनाला ते गेले. बहीण अजून त्या घरी जेवायला आलेली नाही. तिने यावे म्हणून मी तिच्याशी बोलावे, ही त्यांची विनंती मी मान्य केलेली नाही.