फंक्शन नल देतंय आणि एरर कुठेच दिसत नाही

प्रश्न: पोस्टग्रेस डेटाबेसमधे ग्राहकाची बाकी काढणारं पीएल/पीजीएसक्यूएल (पोस्टग्रेसची फंक्शन लिहायची भाषा) फंक्शन आहे. बहुतेकांचं बरोबर येतं पण काही ग्राहकांना नुसतं नल (म्हणजे किंमतच नाही). शेवटी एक्सेप्शन (एरर पकडणारा भाग) आहे, व्हेन अदर्स देन रिटर्न नल असं, म्हणजे कुठलीही एरर आली तरी नल द्या. मधेमधे लॉग टेबलात इन्सर्ट टाकून बघितले तर नेमक्या याच ग्राहकांच्या रो लॉगमधे नाहीत, म्हणजे कोड तिथपर्यंत पोचतच नाही का?

उत्तर: पोचतो हो, पोचून पुढे आपटतो. एक्सेप्शन असलेल्या ब्लॉकमधे एरर आली की त्या ब्लॉकने डेटाबेसमधे केलेलं सगळं रोलबॅक होतं, म्हणजे केलंच नव्हतं असं पुसलं जातं, त्यात तुमचे लॉगचे इन्सर्टपण गेले. व्हेरिएबल मात्र एररच्या वेळी होते तसेच राहतात, त्यामुळे एक्सेप्शनच्या भागात रेज नोटिस (मेसेज दाखवणारी कमांड) टाकून ते छापून बघता येतात, नोटिसवर रोलबॅकचा काही परिणाम नाही. फक्त अ‍ॅपमधून कॉल करत असाल तर नोटिस डिफॉल्टने सर्व्हरच्या लॉगमधे जात नाही, तिथे रेज लॉग वापरा.

पण खरं दुखणं तो व्हेन अदर्स आहे, सगळ्या एरर गिळतो आणि वर शहाण्यासारखा नल देतो. रिटर्न नल काढून तिथे नुसतं रेज आणि सेमीकोलन लिहा, मूळ एरर जशीच्या तशी बाहेर येईल. मग एररच्या खालची कॉन्टेक्स्टची ओळ (एरर कुठे आली ते सांगणारी) वाचा (कोणी वाचत नाही!), त्यात 'लाइन 14 अ‍ॅट असाइनमेंट' असं काहीतरी असतं. हा 14 तुमच्या फाइलमधला नाही बरं का, फंक्शनच्या बॉडीतला आहे, पीएसक्यूएलमधे (पोस्टग्रेसचा कमांड लाइन प्रोग्रॅम) बॅकस्लॅश एसएफ प्लस देऊन फंक्शनचं नाव टाका म्हणजे त्याच नंबरांनी कोड दिसेल.

ठराविक ग्राहकच अडकतायत म्हणजे मला डेटाचा संशय जास्त. एररचा कोड 22012 आला तर शून्याने भागाकार, 22पी02 आला तर टेक्स्टचा आकडा करताना रिकामी स्ट्रिंग किंवा कचरा सापडलाय.

आणि एरर आलीच नाही, तरी नलच? मग सिलेक्ट इन्टू (क्वेरीचं उत्तर व्हेरिएबलमधे भरणारी ओळ) बघा. त्यात स्ट्रिक्ट हा शब्द नसेल तर रो न मिळाल्यास गुपचूप नल भरतो आणि जास्त रो आल्या तर पहिली उचलतो, स्ट्रिक्ट लावलं की दोन्हीला एरर येते. क्वेरीत सम (बेरीज) असेल तर मात्र स्ट्रिक्टने पण काही सापडणार नाही, कारण बिलंच नसली तरी सम एक रो देतोच, नलवाली. तिथे कोअलेस (नलच्या जागी दुसरी किंमत देणारं फंक्शन) लावून शून्य करा.