वडील पाच वर्षं रोज पेनकिलर घेतात, ‘मला काही होत नाही’ म्हणतात. खरंच काही होत नसेल का?

वडील ६८ वर्षांचे, गुडघेदुखीसाठी पाच वर्षं मेडिकलमधून गोळ्या आणून रोज घेतात, असं तुम्ही लिहिलंय. पुढे जाता जाता लिहिलंय, ‘बीपीची गोळी तर आहेच’. गुडघ्याच्या गोळीपेक्षा मला या ‘तर आहेच’ची जास्त काळजी वाटली.

मी डॉक्टर नाही. डी. फार्म. (औषधशास्त्राची पदविका) करून सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी २१ वर्षं मेडिकल चालवतोय. म्हणजे तुमचे वडील ज्याच्याकडून गोळ्या आणतात ना, तो मीच समजा.

आमच्याकडे एक आबा यायचे. सत्तरी ओलांडलेली, तरी शेतात स्वतः राबणारे. काउंटरवर कोपर टेकून म्हणायचे, “नेहमीची दे रं.” नेहमीची म्हणजे ॲसिक्लोफिनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५ एकत्र असलेली गोळी. या औषधाच्या पट्टीवर लाल रेघ असते, चिठ्ठीशिवाय ते द्यायचं नाही असा कायदा आहे. कायदा मला पाठ होता. मी नाही दिली तर आबा चार दुकानं सोडून पाचव्यातून आणणार, हेही पाठ होतं. म्हणून देत राहिलो. त्यांची बीपीची गोळीही माझ्याकडचीच. टेल्मिसार्टन आणि जोडीला लघवी वाढवणारं औषध. दोन्ही पट्ट्या मीच एका पिशवीत घालायचो.

एका मार्चमध्ये त्यांच्याकडे हळद शिजवायचं काम निघालं. वरून ऊन, समोर वाफ, पाणी प्यायची शुद्ध नाही. त्यातच दोन दिवस जुलाब. अंग ठणकतंय म्हणून आबांनी एकाच्या तीन गोळ्या केल्या. चौथ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद, तोंड सुजलेलं. मिरजेला नेलं तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळेना झाली की रक्तात साठणारा कचरा, सहाच्या वर होतं, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. दोनदा डायलिसिस झालं. किडनी बरीचशी सावरली, पण पहिल्यासारखी झाली नाही.

ॲसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही सगळी एकाच कुळातली. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, ती ही औषधं कमी करतात. सूज आणि ठणका या रसायनांमुळेच असतो, म्हणून आराम पडतो. पण हीच रसायनं जठराच्या अस्तराला आम्लापासून राखतात, आणि अंगातलं पाणी कमी झालं की किडनीकडे रक्त नेणारी बारीक नळी उघडी धरतात. गोळीने ती नळी आवळते. बीपीची टेल्मिसार्टनसारखी औषधं किडनीतून रक्त बाहेर नेणारी नळी सैल करतात. लघवीचं औषध अंगातलं पाणी काढतं. शेतकऱ्याच्या भाषेत, येणारा पाट अरुंद, जाणारा पाट रुंद आणि विहीर आटलेली. गाळणीला दाब मिळणार कुठून?

(गिधाडं कुठे गेली हे ठाऊक असेल. जनावरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मढ्यातून त्यांच्या पोटात गेलं आणि किडन्या निकामी होऊन ती मेली. जनावरांसाठी ते २००६ साली बंद झालं. माणसाची किडनी गिधाडापेक्षा खूपच चिवट, पण औषध तेच.)

वडील खोटं बोलत नाहीयेत. किडनी अशी हळूहळू खराब होते तेव्हा दुखत नाही. निम्म्याच्या आसपास काम थांबेपर्यंत क्रिएटिनिनसुद्धा फारसं हलत नाही. पोटाचंही तसंच. जळजळ नाही, दुखणं नाही, आणि एक दिवस शी डांबरासारखी काळी, चिकट होते. लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण तशी चिकट नाही. अशी शी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना.

‘सोबत गॅसची गोळी घेतो’ हे रोज ऐकतो. तिने पोट बऱ्यापैकी वाचतं, किडनीला तिचा काडीचा उपयोग नाही. ‘इंजेक्शन घेतलं की पोटाला त्रास नाही’ हेही चूक. औषध रक्तातून काम करतं, दंडातून गेलं काय नि तोंडातून गेलं काय.

आता आमच्या कात्रीबद्दल. गिऱ्हाईक दोन गोळ्या मागतं, आम्ही पट्टी कापतो. नाव एका टोकाला, एक्स्पायरी दुसऱ्या टोकाला, आणि त्याच्या हातात पडतो तो मधला नुसता चंदेरी तुकडा. मग घरी गोळी ओळखायची रंगावरून: ‘ती गुलाबी’, ‘ती लांबट’. एकाच औषधाची तीन नावं घरात असतात आणि कुणाला पत्ता नसतो. ताप आला म्हणून डोलो, अंग दुखतं म्हणून कॉम्बिफ्लॅम, नाक गळतं म्हणून सिनारेस्ट. तिन्हींत पॅरासिटामॉल आहे! धडधाकट मोठ्या माणसाला २४ तासांत ४००० मिलिग्रॅमच्या वर ते जाऊ नये. दारू पिणारा, अशक्त किंवा लिव्हरचा रुग्ण असेल तर मर्यादा त्याहून खाली. ६५० च्या सहा गोळ्या म्हणजेच ३९०० झाले. नेमून दिलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल यातलं बरंच सुरक्षित औषध आहे, पण जास्त झालं तर फसवतं. पहिल्या दिवशी फार तर मळमळ, माणूस हिंडता-फिरता. लिव्हर गेल्याचं दोन-तीन दिवसांनी कळतं. त्यावर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, तो पहिल्या आठ तासांत दिला तर उत्तम काम करतो. म्हणून जास्त गोळ्या गेल्याचं कळलं तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही.

पावसाळ्यातल्या तापातही डेंग्यूचा संशय असेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो.

वडिलांचं क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि लघवी याच आठवड्यात तपासून घ्या. घरातल्या सगळ्या पट्ट्या, कुणी दिलेल्या पुड्या आणि सांधेदुखीचं ‘आयुर्वेदिक’ चूर्ण असेल तर तेही एका पिशवीत भरून बीपीच्या डॉक्टरांपुढे ओता. अशा चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. बीपीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, ते वेगळंच दुखणं होईल. जुलाब-उलट्या लागल्या तर पेनकिलर ताबडतोब थांबवा आणि बाकीच्या गोळ्यांचं डॉक्टरांना फोन करून विचारा.

गुडघ्यासाठी जेलबद्दल डॉक्टरांना विचारा. चोळायच्या डायक्लोफिनॅकचा रक्तात जाणारा भाग गोळीच्या मानाने फारच कमी. खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा, दहा मोजायचे, खाली घ्यायचा, हा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या. आबा जेलवर नाराज आहेत. “चोळून काय व्हतंय?” म्हणतात आणि नेतात.

वडिलांशी वाद घालू नका, पाच वर्षांची सवय वादाने सुटत नाही. त्यापेक्षा तुमच्या मेडिकलवाल्याला गाठा. वडिलांच्या पिशवीत काय काय जातं हे तुमच्यापेक्षा त्याला जास्त माहीत आहे. दोन्ही पट्ट्या त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, या दोन्ही एकत्र चालतात का? संध्याकाळच्या गर्दीत नको, दुपारी तीनच्या सुमारास जा. तेव्हा आम्ही रिकामे असतो.