बीकॉमनंतर नागपुरात पुरातत्त्वाचा सर्टिफिकेट कोर्स करून काही उपयोग होतो का?

नोकरीसाठी म्हणाल तर एकट्या सर्टिफिकेटवर फारसं काही होत नाही. पुरातत्त्व खात्यातल्या अधिकारी पातळीच्या जागांना बहुधा एमए लागतंच. पण हा विषय आपल्याला झेपतो का, आवडतो का, हे कमी खर्चात कळतं, आणि माझ्या मते तेवढ्यासाठी तरी कोर्स करावाच.

प्रवेश घेण्याआधी एकच विचारा: प्रत्यक्ष साइटवर नेतात का? नुसत्या स्लाइड दाखवणार असतील तर पैसे वाचवा. खापरं धुणं, त्यांच्यावर नंबर टाकणं, काठाचं रेखाटन करणं हे हातानेच शिकावं लागतं. काळं-तांबडं खापर आतून काळं, बाहेरून तांबडं असतं, हे एकदा हातात घेतलं की विसरत नाही.

नागपूरकरांचं तर नशीबच! काटोल रोडवर जुनापाणीची शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन दफनांभोवती गोलाकार मांडलेले मोठे दगड, आहेत. रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांच्यावर लिहिलं होतं. तिथल्या काही दगडांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे खळगे दिसतात. रामटेकजवळ मनसर, भंडाऱ्याकडे पवनी ही उत्खनन झालेली प्राचीन स्थळं आणि शहरात अजब बंगला हे संग्रहालय आहेच.

पुढे मन रमलं तर नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहे. एमएसाठी बीकॉमवाल्यांना घेतात का, ते तिथेच विचारून घ्या.